क्वामेचा डावा हात

अबोदोम,
रविवार, चर्चमधून आल्यावर

ताकोरादीत राहून अबोदोमच्या भाचीला विसरू न शकणारे आदरणीय अमोआको मामा यांना,

अचियाचा दोन्ही गुडघे वाकवून आणि उजवा हात पुढे करून (उजवाच! लिहिण्याआधी दोनदा पाहून घेतला; का, ते पुढे कळेल) मनापासून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? फ्रीज एकट्याने उचलू नका असं आई सांगते, आणि तुम्ही ऐकणार नाही हेही तीच सांगते. घरमालकाचा तो बोकड अजून दुकानात शिरून गिऱ्हाइकांच्या वायरी खातो का? (आई म्हणते तो कुत्रा आहे, पण तुमच्या मागच्या फोनमध्ये मला स्पष्ट बोकड ऐकू आला.) इकडे सगळे मजेत. आई मजेत, मी मजेत, कोंबड्या मजेत. आजीचं वेगळं लिहीत नाही, कारण तुम्ही फोनवर ‘बाकी सगळे कसे आहेत’ विचारता त्या ‘बाकी’त आजी असते, आणि ती ‘तिकडचं काय म्हणतंय’ असं विचारते त्या ‘तिकडच्या’त तुम्ही असता. तिच्या थोरल्या भावाच्या अंत्यविधीला तुम्ही तिला डाव्या हाताने पाण्याचा पेला दिलात, तिने तो साऱ्या गोतासमोर न पिता परत केला, आणि तुम्ही त्याच संध्याकाळच्या बसने ताकोरादीला गेलात. तेव्हापासून तुम्हा दोघांमध्ये एकमेकांची नावं बंद आहेत. त्यात मी पडत नाही. मी लहान आहे. (हे शेवटचं वाक्य आईने लिहायला लावलं. आता ती स्वयंपाकघरात गेली आहे, तेव्हा बिनधास्त लिहिते.)

पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही ‘बरं, बरं, गिऱ्हाईक आलंय’ म्हणून मोकळे होता. पत्राला असं कटवता येत नाही. शिवाय तुमचं खोकं आणणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात रिकामं खोकं परत देताना मला लाज वाटते, म्हणून या वेळी त्यात हे पत्र.

तर मामा, पहिली बातमी: मी शाळेच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबची अध्यक्ष झाले! दुआह हा सचिव, खजिनदार आणि विरोधी पक्ष. (दुआह म्हणजे तोच, ज्याने शाळेची घंटा आपोआप वाजण्याची सोय केली आणि ती थांबण्याची सोय करायला विसरला. त्या दिवशी आम्ही सगळे तास अर्ध्या दुपारीच संपवले होते.) उरलेले सभासद ज्या दिवशी केंके आणि तळलेले मासे असतील त्या दिवशी येतात. आमची खोली म्हणजे जुनी शिवणाची खोली. पंख्याला पाती नाहीत, दाराला कडी नाही, पण टेबल लांबलचक आहे आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये अधूनमधून वीजही येते. (दुमसोर, म्हणजे विजेचं हे जाणं-येणं, सध्या फारच जोरात आहे. वीज गेली की हातातलं सोल्डर तसंच थिजतं आणि आली की अख्खं गाव टाळ्या वाजवतं.) पण या खोलीवर हेडमिस्ट्रेस ओफोरीवा मॅडमचा डोळा होता. शाळेच्या गायनवृंदाला नवे जांभळे झगे आलेत, आणि झग्यांना हवेशीर खोली हवी. आम्हाला हवा नको, असं त्यांचं मत असावं. मी पुष्कळ हुज्जत घातली तेव्हा त्या म्हणाल्या, “हे बघ अचिया, शाळेच्या वार्षिक दिनाला नाना येणार आहेत. आपल्या गावचे प्रमुख आहेत, साध्यासुध्याने भुलणारे नव्हेत. त्यांनी तुमचं काही पाहून नुसती भुवई जरी उचलली तरी खोली तुमची. नाहीतर झग्यांची.”

मामा, त्या भुवईसाठी आम्ही जे केलं ते ऐकाल तर दुकान बंद करून नाचाल! आम्ही माणूस बनवला. तुम्ही दर बसने ‘भंगार आहे, खेळायला’ असं लिहून जे खोकं पाठवता त्याला मी इथे कोणालाही भंगार म्हणू देत नाही. तुमच्या मेलेल्या प्रिंटरांच्या मोटारी त्याच्या खांद्यांत आहेत, खेळण्यातल्या विमानाच्या मोटारी मनगटांत. धड तेलाच्या डब्याचं, डोकं कोकोच्या डब्याचं, डोळे बाटल्यांच्या बुचांचे, बोटांत सायकलच्या ब्रेकच्या तारा आणि त्यावर आईचे रबरी हातमोजे. (ती ते अजून शोधते आहे. मीही तिच्याबरोबर शोधते.)

नावावरून मात्र क्लब फुटायची वेळ आली. दुआह म्हणत होता, पहिला स्क्रू मंगळवारी बसला, म्हणजे हा मंगळवारचा, क्वाबेना. मी म्हणत होते, स्क्रू बसणं म्हणजे काय जन्म झाला? हात हलला शनिवारी, म्हणजे हा शनिवारचा, क्वामे! शेवटी डबा उचलून आजीकडे न्याय मागायला गेलो. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “रडला कधी?” आम्ही म्हटलं, शनिवारी मोटारीने कुंईऽऽ केलं. “मग क्वामेच. आणि हा आला कोणाकडून?” मी म्हटलं, सगळं सामान मामांचं. आजी त्या कोकोच्या डब्यावरून हात फिरवून म्हणाली, “याला कान लावले नाहीत तुम्ही.” दुसऱ्या दिवशी आम्ही कान लावले.

आता क्वामे करतो काय? नक्कल! आपण फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. फोनमधला प्रोग्राम (दुआहने नेटवरून उतरवला, मी सुधारला, मग माझी सुधारणा दुआहने सुधारली) आपले खांदे, कोपर आणि मनगट ओळखतो, क्वामेच्या पोटातल्या बिस्किटाएवढ्या बोर्डाला कळवतो, बोर्ड मोटारींना पळवतो, आणि आपण हात उचलला की क्वामे हात उचलतो. पहिल्यांदा तो माझ्याबरोबर हलला तेव्हा मी किंचाळले, दुआह टेबलावर चढला, आणि त्याच वेळी वीज गेली तरी आमच्या लक्षात आलं नाही, कारण क्वामे तुमच्या मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर चालतो! आणि खरी गंमत अशी की फोन जवळ असायलाच हवा असं नाही. नेट असलं की झालं. एकदा दुआहने बाजारातून हात हलवला आणि इकडे खोलीत क्वामेने शाळेच्या कारकुनांची टोपी उडवली. कारकून त्या दिवसापासून क्वामेला ‘साहेब’ म्हणतात.

ठरलं असं की नाना आसनावर बसले की क्वामे त्यांना पाणी देणार, आणि मग स्पीकरवरून दुआहचा भरून ठेवलेला आवाज विचारणार, ‘पाणी घ्या, आणि कसं येणं केलंत ते सांगा.’ पाहुण्याला घरोघरी विचारतो तसंच, फक्त पत्र्याच्या तोंडून. तालमी झक्क झाल्या. क्वामे उजवा हात इतका अदबीने पुढे करायचा की आजीसुद्धा म्हणाली, याच्याकडून काहीजणांनी शिकावं. (कोणी, ते तिने सांगितलं नाही.)

आणि मग, मामा, त्या दिवशी सकाळी दुआहची बहीण कुमासीला गेली, आणि जाताना स्वतःचा फोन घेऊन गेली! फोन तिचाच होता हे खरं, पण इतक्या तालमींनंतर एखादीला वाटलं असतं की तो क्लबचा आहे. उरला माझा फोन. माझ्या फोनचा मागचा कॅमेरा गेल्या ख्रिसमसला फुफूसाठी कसावाचे कंद कुटायच्या उखळात पडून गेला (फोन मी काढला, पण कॅमेऱ्यात कसावा शिरला तो शिरलाच). म्हणून पुढचा कॅमेरा लावला. आता पुढचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो हे लहान पोरालाही माहीत आहे. आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आम्हाला आठवलं नाही.

त्यात ओफोरीवा मॅडमनी मला पडद्यामागे उभं केलं, कारण ‘माणूस दिसला की नवल जातं.’ पडदा म्हणजे तेच जांभळे झगे, दोरीवर टाकलेले. नाना आले, छत्री आली, ढोल झाले, नाना बसले. दुआहने खूण केली. मी डोळे मिटून आजीने शिकवलेलं सगळं आठवलं: पाठ झुकलेली, डावा हात अंगाशी, उजवा पुढे. मामा, जन्मात इतक्या अदबीने मी कोणाला पाणी दिलं नव्हतं! पलीकडून ‘हाऽऽ’ असा आवाज आला. मला वाटलं, कौतुक! मी आणखी झुकले आणि हात आणखी पुढे केला. ‘हाऽऽ’ वाढला. एक बाई ‘अगं आई गं’ म्हणाली. मला अगदी भरून आलं. मी जवळजवळ जमिनीला टेकले आणि हात होता तेवढा लांब केला.

पलीकडे काय चाललं होतं ते दुआहने नंतर सांगितलं. क्वामे सगळ्या गावासमोर नानांच्या तोंडापाशी डाव्या हाताने पेला धरून उभा होता, आणि इकडे मी जितकी अदब वाढवत होते तितका तो डावा हात नानांच्या नाकाजवळ चालला होता! ‘डाव्याबद्दल माफी असावी’ एवढंही म्हणायची सोय आम्ही त्याला केलेली नव्हती. उलट स्पीकर म्हणाला, ‘कसं येणं केलंत ते सांगा.’ ओफोरीवा मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या.

आणि नेमका त्याच वेळी माझ्या गालावर डास बसला. झग्यांत डास फार. मी सटकन मारला. पलीकडे क्वामेने त्याच डाव्या हाताने, पेल्यासकट, स्वतःच्या पत्र्याच्या थोबाडात अशी सणसणीत ठेवून दिली की खण्ण आवाज थेट बाजारापर्यंत गेला, आणि सगळं पाणी नानांचे बोल गावाला ऐकवणाऱ्या ओच्याम्यांच्या नव्या वस्त्रावर! आता मात्र मला शंका आली, आणि मी झगे बाजूला करून बाहेर डोकावले.

कोणी हलत नव्हतं. मग नानांच्या डोक्यावरची छत्री थरथरायला लागली. म्हणजे छत्री धरणारा हसत होता, म्हणजे त्याने नानांना हसताना पाहिलं असणार, नाहीतर त्याची काय छाती! नानांनी नेहमीप्रमाणे मान वळवून ओच्याम्यांच्या कानात सांगितलं, आणि ओच्याम्यांनी ओलं वस्त्र सावरत काठी टेकवून सगळ्यांना ऐकवलं, “नाना म्हणतात, या पोराला वळण नाही. पण आपली चूक कळल्याबरोबर याने आपल्या हाताने आपल्या तोंडात मारून घेतली. आमच्या बैठकीत बसणाऱ्या कोणी असं केल्याचं नानांना आठवत नाही.” बैठकीतले सगळे वडीलधारे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी भुवईकडे बघत होते. हलली असावी, पण हसताना हललेली धरतात का, हे मॅडमशी ठरलेलं नव्हतं.

“पण नाना विचारतात,” ओच्यामे म्हणाले, “याचा उपयोग काय? पाणी द्यायला गावात पोरं आहेत.”

मॅडमचं तोंड उघडलं आणि मिटलं. आणि माझं, मामा, तुम्हाला माहीतच आहे, उघडलं की उघडलं. मी म्हटलं, “ओच्यामे, नानांना सांगा, पोरं आहेत, पण गावात कुठे आहेत? कोणी कुमासीला, कोणी आक्राला. त्यांच्या आया आपलं पाणी आपणच ओतून घेतात. क्वामे असला तर ताकोरादीत बसलेला मुलगा इथे आपल्या आईला पाणी देईल!”

ताकोरादी का म्हटलं, मला माहीत नाही. तामाले म्हणायला काय झालं होतं! सगळ्या गावाने मान वळवून तिसऱ्या रांगेत आजीकडे पाहिलं. शाळेच्या बँडनेसुद्धा पाहिलं. आजीने खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं आणि समोर बघत राहिली, जणू ताकोरादी नावाचं गाव तिने कधी ऐकलंच नाही.

नानांनी निकाल दिला. येत्या सणाच्या रविवारी, शाळेच्याच पटांगणात, पडदा न लावता हे करून दाखवायचं. आई इथे हजर हवी, मुलगा गावाबाहेर हवा, आणि आईने ते पाणी प्यायला हवं. तसं झालं तर खोली क्लबची, आणि छताचे पत्रेही नाना नवे घालून देणार. नाही झालं तर झग्यांची. ओफोरीवा मॅडमनी लगेच झग्यांसाठी खुंट्या मोजायला माणूस पाठवला, त्यावरून त्यांचा अंदाज काय आहे ते कळतंच.

घरी परतताना दारात आल्यावर आजी म्हणाली, “तुझी जीभ फार लांब आहे.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “माझीही होती,” आणि आत गेली.

असो. हे सगळं केवळ तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहिलं. मागणं काहीच नाही. कंबर सांभाळा, बोकडाला वायरी देऊ नका.

क्वामेच्या दोन्ही हातांनी आणि माझ्या फक्त उजव्याने निरोप घेते.

तुमची भाची,
अचिया
(अध्यक्ष)

ता.क. मागणं आहे. ताकोरादीत मुलगा आणि इथे आई, अशी घरं मी गावभर शोधली. एक मुलगा बोटीवर गेलाय, एकाची आई त्याच्याकडेच राहायला गेली, आणि एकाची आई म्हणते की तो पाणी देईल तर ती ते आधी कोंबडीला पाजून बघेल. उरलात तुम्ही. आणि मामा, तुम्हीच हवे! विचार करा: पुढचा कॅमेरा उजव्याचा डावा करतो, म्हणजे डाव्याचा उजवा करेल. तुम्ही आपल्या नेहमीच्या हाताने पेला पुढे करा, इथे आजीसमोर क्वामेचा उजवा येईल, आणि कोणालाही काही कळणार नाही. आजवर सगळ्यांनी तुमचा हात बदलायचा प्रयत्न केला. हा पहिला कॅमेरा आहे जो तुमच्या बाजूने चुकतो.

ता.क. दुसरा. तुम्ही मेकॅनिक आहात, त्यामुळे पत्राच्या मध्यावरच तुम्ही कपाळावर हात मारला असणार. दोन खांद्यांच्या वायरींची अदलाबदल केली की झालं! दुआहने ती त्याच संध्याकाळी केली. म्हणजे आता उजव्याचा उजवा आणि डाव्याचा डावाच येतो. वरचा ता.क. लिहून झाल्यावर मी त्याला म्हटलं, पुन्हा उलट्या जोड, मामांसाठी. आजी तिथेच शेंगदाणे सोलत बसली होती. म्हणाली, “उलट्या जोडू नका. त्याचा जो हात आहे तोच येऊ दे.” दुआह म्हणाला, “आजी, अख्खा गाव बघणार, नाना बघणार.” तर म्हणाली, “बघू देत. तेव्हाही गावच बघत होता.” मग शेंगदाण्यांकडेच बघत म्हणाली, “त्या दिवशी मला तहान लागली होती.” (स्पीकरवर आता ‘डाव्याबद्दल माफी असावी’ भरून ठेवलंय. आजीने ऐकलं आणि म्हणाली, ते पुसून टाका. पुसलं.)

ता.क. तिसरा. हे आईलाही सांगितलेलं नाही, दुआहलाही नाही. नानांनी म्हटलंय, मुलगा गावाबाहेर हवा. ताकोरादीतच हवा, असं कुठे म्हटलंय? बसचा थांबा गावाच्या पाटीच्या पलीकडे आहे, मी जाऊन पाहून आले. तिथे नेट चांगलं येतं आणि शाळेच्या पटांगणातून थांबा दिसत नाही. तेव्हा रविवारी सकाळच्या बसने या, थांब्यावर उतरा, फोन पुढचा कॅमेरा आपल्याकडे करून झाडाच्या बेचक्यात ठेवा आणि तुमच्या हाताने आजीला पाणी द्या. येताना सोल्डरची तार आणा, इथली संपली आहे. आणि पेला तिच्या हातात गेला की पाटी ओलांडून सरळ पटांगणात चालत या. घाई करू नका, कंबर आहे. पेला मी मोठाच घेतलाय, आणि आजी पाणी सावकाश पिते.